आज न्याहारी कुणाकडं

पाचवीला मी रहिमतपूरच्या शाळेत जाऊ लागले ते साल सत्तर. आमच्या गावात चौथीपर्यंतच शाळा होती. रहिमतपूर तीन-साडेतीन किलोमीटर. आधी ओढा ओलांडायचा, मग रेल्वेचे रूळ, मग गावाची पहिली घरं लागत. शाळेत खोल्या कमी, म्हणून पाचवी ते सातवीचे वर्ग सकाळी साडेसातला भरत आणि वरचे वर्ग दुपारी. साडेसहाला घर सोडावं लागे. त्या वेळी आमच्या घरात कुणाला टेकायलाही सवड नसे. आई झुंजुमुंजू व्हायच्या आत उठून पाणी भरायची, शेण काढायची आणि म्हशीची धार काढून दूध घेऊन सडकेला जायची, कारण डेअरीची गाडी कुणासाठी थांबत नसे. चूल आत्याकडे होती. आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. नवरा लवकर गेल्यावर ती माहेरी आली ती कायमची. तिची पहिली भाकरी तव्यावर पडेपर्यंत मी ओढ्यापलीकडं पोचलेली असे.

मी चहा पिऊन जायची. गुळाचा, काळा, कपभर आणि वर अर्धा कप. दूध सगळं डेअरीला जाई. सकाळी काही तोंडात घातलं की मला मळमळायचं आणि त्यात कुणाला काही विशेष वाटत नसे. "आमच्या पोरीला सकाळचं जात न्हाई," असं आत्या शेजारणींना सांगे, जसं एखादीला वांगं आवडत नाही तसं.

शाळा सुरू होऊन महिना झाला असेल. एका सकाळी प्रार्थनेच्या रांगेत माझ्या कानात गुंई आवाज आला आणि पुढच्या मुलीची वेणी लांब लांब जायला लागली. डोळे उघडले तेव्हा मी व्हरांड्यात आडवी होते आणि आमच्या वर्गाच्या बाई पदरानं वारा घालत होत्या.

"सकाळी काय खाल्लंस?"

"चहा."

"खाल्लंस काय, विचारतेय."

बाईंनी गुळाचा खडा माझ्या तोंडात घातला, पाणी पाजलं आणि वर्गात गेल्यावर सगळ्यांना विचारलं, आज घरून कोण कोण खाऊन आलंय, हात वर करा. थोडे हात वर गेले. त्यातले दोन-तीन बाईंनी नीट बघितल्यावर खालीही आले. बाईंनी मला एक चिठ्ठी लिहून दिली: मुलीला रोज सकाळी काहीतरी पोटभर खाऊ घालून पाठवावे.

चिठ्ठी मी वडिलांना दिली. त्यांना आम्ही आबा म्हणत असू. ते त्याच उन्हाळ्यात सतरा वर्षांची नोकरी संपवून पलटणीतून पेन्शनीवर आले होते. तोवर ते वर्षाला दोन महिने सुट्टीवर येत, पत्र्याची काळी ट्रंक घेऊन, आणि जात. मला ते पाहुण्यासारखे वाटत. आता पाहुणा कायमचा राहायला आला होता आणि त्याच्याशी काय बोलावं हे मला कळत नसे. त्यांनाही कळत नसावं.

त्यांनी चिठ्ठी दोनदा वाचली, घडी घालून सदऱ्याच्या खिशात ठेवली आणि म्हणाले, "उद्यापास्नं सकाळची न्याहारी माझ्याकडं."

आत्या चुलीपुढून मागं वळली. "तुझ्याकडं म्हंजी? घरातल्या बायका मेल्या का काय?"

"मेल्या न्हाईत. पर सकाळी मोकळ्या न्हाईत."

"चूल तरी पेटवाय येती का तुला?"

आबांनी चुलीतलं लाकूड आत सारलं. मग म्हणाले, "आक्का, सतरा वरसं दुसरं काय केलंच न्हाई मी. लंगरात हुतो. रांधायच्या कामाव."

आई तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला नाही, त्यावरून मला कळलं की तिला हे आधीपासून ठाऊक होतं. आत्याला नव्हतं. भिंतीवर आबांचा गणवेशातला, हातात बंदूक धरलेला फोटो होता आणि त्याच्या जोरावर आत्यानं आमच्या आळीला बासष्ट आणि पासष्ट अशा दोन लढाया सांगितल्या होत्या. तिनं फोटोकडं बघितलं.

"आन् ही बंदूक?"

"चालवाय शिकीवली समद्यांना. पर माझ्या हातात झारा हुता. लढणाऱ्याला बी खायाला लागतंय की."

आत्या उठून परसात गेली. त्या रात्री ती जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी मी उठले तेव्हा चुलीत जाळ होता आणि आबा पाटावर नाही, तर दोन पायांवर बसून कांदा चिरत होते. सुरी इतकी भरभर चालत होती की मी झोप विसरून बघत राहिले. त्यांनी तिखट सांजा केला. वर भाजलेले शेंगदाणे. वासानंच माझ्या पोटात ढवळलं. चहा मागितला तर म्हणाले, "चहा बंद."

"का?"

"भुकेवर पाणी वततोय त्यो. आधी खायाचं, मग बघू."

मी दोन घास गिळले आणि तिसरा अंगणात जाऊन ओकले. ते रागावतील म्हणून मी तशीच उभी राहिले. त्यांनी तांब्या दिला. "दोन गेलं ना खाली? बास झालं. उद्या तीन." मग माझ्या वेणीला गाठ मारता मारता, जी त्यांना काही जमली नाही, सांगत राहिले, की पलटणीत नवे रंगरूट येत, अठरा-अठरा वर्षांची पोरं. घरची आठवण यायची आणि सकाळी घास उतरायचा नाही. तसंच परेडला गेलं की मैदानावर धडाधड पडायची. बळजबरी केली की ओकायची. "थोडं थोडं दिलं की पंधरा दिसांत मागून खायाची."

मी पंधरा दिवसांत मागून खाणारी नव्हते. चहा तुटल्यानं चार दिवस माझं डोकं ठणकत होतं आणि मला ते गृहस्थ अजिबात आवडेनासे झाले होते. पाचव्या दिवशी त्यांनी उरलेला सांजा जर्मनच्या, म्हणजे अॅल्युमिनियमच्या डब्यात भरून दिला. "वाटंत भूक लागली तर खा."

वाटेत माझ्याबरोबर एक मैत्रीण असे. ती आमच्याच गावची, आमच्याच वर्गातली, पण तिचं घर गावाबाहेरच्या वस्तीत. आम्ही लहान असतानाच त्यांच्या वस्तीनं बौद्ध धर्म घेतलेला होता. तिचे वडील रेल्वेत गँगमन होते. त्यांचं काम लाइनवर लांब असे आणि ते रविवारी तेवढे घरी येत. आई दिवस उजाडता उजाडता लोकांच्या रानात भांगलायला, तण काढायला जायची. ओढ्याशी आमची रोज गाठ पडे. त्या दिवशी मी डबा ओढ्यात ओतायला निघाले होते. ती म्हणाली, "टाकू नगंस. दे हिकडं."

तिनं आधी हात धुतले. मग एका सपाट दगडावर बसून सगळा सांजा खाल्ला. खाऊन झाल्यावर वाळूनं डबा घासला, धुतला, पुसला आणि मला परत दिला.

असं महिनाभर चाललं. आबा रोज काहीतरी वेगळं करत. कधी ताकातल्या कण्या, कधी धपाटं, कधी मोड आलेली मटकी. मी घरी दोन-तीन घास खाई, बाकीचं डब्यात घेई आणि डबा ओढ्याकाठी रिकामा होई. घरी आल्यावर आबा झाकण उघडून बघत आणि खूश होत. "बघ, म्हणलं नव्हतं?" आईला दाखवत. मला वाईट वाटत असे, पण खरं सांगण्याइतकं नाही. शाळेत माझं डोकं गरगरायचं ते गरगरायचंच. फक्त आता मी भिंतीला टेकून उभी राहायला शिकले होते.

एक दिवस संध्याकाळी मैत्रिणीची आई आमच्या अंगणात येऊन उभी राहिली. कामावरून परस्पर आली असावी. पायाला चिखल होता, कमरेला खुरपं. ओसरीवर आबा दोरी वळत बसले होते.

"या की वैनी, बसा," आबा म्हणाले.

"बसाय न्हाई आले." ती उभीच राहिली. "आवं भाऊ, माझी पोर सांगती, ती रोज तुमच्या घरची न्याहारी खाती. महिना झाला म्हणं. तुमी दिलीया का?"

आबांनी माझ्याकडं बघितलं. मी दाराच्या चौकटीला पाठ लावून उभी होते. पळायला जागा नव्हती.

"मी माझ्या पोरीला देत हुतो," आबा सावकाश म्हणाले.

"मंग तसंच असंल. माझ्या पोरीचं चुकलं. तिला सांगितलंय, आता खाणार न्हाई." ती थांबली. "आमी मागितलं न्हवतं, एवढंच सांगाय आले. उद्या कुणी म्हणाय नको."

"कोण म्हणतंय?"

"म्हणत्यात. आजवर लय म्हणलंय."

आबांनी दोरी खाली ठेवली. मला वाटलं आता माझा नंबर. पण ते तिलाच म्हणाले, "वैनी, पोरगी आमच्याकडं येऊन खाऊ दे. हितं बसून, हिच्या बरोबर. दोघींना एकाच वक्ताला जायाचं असतंय."

"न्हाई." तिनं लगेच सांगितलं. "दुसऱ्याच्या दारात खायाला माझी पोर येणार न्हाई. माझी सासू असंच दारात हुबी ऱ्हायाची. वरनं टाकल्याली भाकरी पदरात घ्यायाची. आमी ते सोडलंय."

आत स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला होता. आबांनी खाली ठेवलेली दोरी पुन्हा उचलली. मग ती बाईच म्हणाली, "एक दिस तुमच्याकडं आन् एक दिस माझ्याकडं, असं असंल तर सांगा. तुमच्या पोरीनं माझ्या घरी बसून खायाचं. मंग माझी येईल."

"तुमाला कामाव जायाचं असतंय सकाळी."

"तासभर आधी उठंन. त्याला काय हुतंय?"

"मग चालंल," आबा म्हणाले.

ती गेल्यावर घरात जे झालं ते मी सगळं सांगत नाही. आत्यानं डोक्याला हात लावला. आळीत तोंड दाखवायला जागा राहणार नाही, पोरीचं पुढं लग्न व्हायचंय, असं बरंच बोलली. आबा म्हणाले, "पलटणीत एका देगीतलं समदी खायाची. पंजाबी, मद्राशी, आपली. कुणी मेलं न्हाई." आत्या म्हणाली, हे गाव आहे, पलटण नव्हे. तेव्हा आई बोलली. आई अशा वेळी सहसा बोलत नसे. ती म्हणाली, "जाऊ द्या पोरीला. हितं तर खात न्हाई. तितं खाईल तर खाईल."

मला आबांनी मारलं नाही, रागावलेही नाहीत. फक्त रात्री अंथरूण घालताना विचारलं, "डबा रोज येवढा चकाचक कसा, ह्ये मला कळाय पायजे हुतं. तू तर ताट बी धूत न्हाईस." आणि त्यांना हसू आलं.

पहिली पाळी त्यांच्या घरी. एकच खोली, शेणानं सारवलेली. भिंतीवर ओळीनं तसबिरी, कोपऱ्यात चूल. मैत्रिणीची आई भाकरी थापत होती. तिनं आमच्या दोघींच्या पुढ्यात गरम भाकरी ठेवली, शेंगदाण्याची चटणी, बुक्कीनं फोडलेला कांदा आणि वाटीत पातळ डाळ. मग ती आमच्याकडं पाठ करून पुढची भाकरी थापायला लागली. दुपारची तिची शिदोरी व्हायची होती. थापताना ती काहीतरी बोलत होती, कुणाच्या रानात तण किती माजलंय वगैरे. आम्ही खातोय की नाही हे तिनं एकदाही बघितलं नाही. मी एक तुकडा डाळीत बुडवला. मग दुसरा. थोड्या वेळानं बघते तर माझ्यापुढची भाकरी संपली होती आणि पोटात काही ढवळत नव्हतं.

त्या दिवशी चौथ्या तासाला बाईंनी गणित घातलं आणि ते मला आलं. मी हुशार नव्हते, पण फळ्यावरचे आकडे हलत नव्हते एवढं मला आठवतं.

घरी येऊन मी आबांना सांगितलं की अख्खी भाकरी खाल्ली. त्यांनी विचारलं, कशाबरोबर? मी सांगितलं. ते म्हणाले, "भाकरी आन् चटणी? माझ्या सांज्यात काय कमी हुतं?" मी विचार करून खरं ते सांगितलं, की ती माझ्या तोंडाकडं बघत नाही. तुम्ही आणि आत्या बघता. आबांचा चेहरा जरा उतरला. सतरा वर्षं शेकडो माणसांना जेवू घातलेला माणूस, त्याला हे ऐकायला बरं वाटलं नसणार. पण दुसऱ्या दिवशी सकाळी आमची पाळी आली तेव्हा त्यांनी आमच्या पुढ्यात ताटल्या ठेवल्या आणि ते दाराबाहेर जाऊन लाकडं फोडत बसले. गरज नसताना बरीच फोडली. आम्ही दोघींनी सगळं खाल्लं.

आमच्या घरी तिच्यासाठी आत्यानं एक ताटली वेगळी काढली होती. कडेला पोचा आलेली. खाऊन झालं की मैत्रीण ती स्वतःच धुऊन ठेवी आणि आत्या ती बाहेरच्या कोनाड्यात ठेवी, बाकीच्या भांड्यांत नाही. मला हे दिसत होतं आणि मी काही बोलले नाही. तेव्हा मला ते खटकलंही नव्हतं, हे कबूल केलं पाहिजे. आबांच्या लक्षात यायला तीन-चार पाळ्या गेल्या. एका दुपारी जेवायला बसताना ते उठले, कोनाड्यातली ती ताटली घेऊन आले आणि आत्यापुढं धरली. "हिच्यात वाढ." आत्यानं वाढलं नाही. आईनं वाढलं. त्यानंतर आबा दोन्ही वेळा त्याच ताटलीत जेवू लागले. महिन्याभरानं ती ताटली मांडणीत बाकीच्या भांड्यांत आली. कुणी आणून ठेवली ते मी पाहिलं नाही.

गावात बातमी फुटली ती माझ्यामुळंच. मी मैत्रिणीला सांगितलं की आमचे आबा पलटणीत स्वयंपाक करायचे, ती वर्गात बोलली आणि दोन दिवसांत पारावरच्या माणसांना कळलं. आबा तिथून निघाले की कुणीतरी हटकून विचारी, "काय हवालदार, आज लंगरात काय शिजलं?" आबा थांबून उत्तर देत. "सांजा केला हुता. मीठ जरा कमी पडलं." असं चार-सहा वेळा झाल्यावर विचारणाऱ्यांची गंमत गेली. आत्याची लाज मात्र गेली नाही. ती कितीतरी दिवस विहिरीवर दुपारी जायची, बायका नसताना. मला म्हणाली, "तुझ्या जिभंला हाड न्हाई बघ." पुढं तिच्याच चुलत दिरानं मुलीच्या लग्नात पाचशे माणसांचा स्वयंपाक करशील का म्हणून आबांना विचारलं. आबांनी नाही म्हणून सांगितलं. "मी आता फकस्त शाळंच्या पोरींचं करतो."

आम्ही सातवीत असताना बहात्तरचा दुष्काळ पडला. ज्वारी उगवली ती वीतभर होऊन करपली. म्हैस गुरांच्या छावणीत नेऊन बांधली. आई, आबा आणि मैत्रिणीची आई तिघंही एकाच सडकेच्या कामावर खडी फोडायला जात. रेशनवर लाल मिलो, म्हणजे परदेशातून आलेली ज्वारी मिळायची. त्याची भाकरी थापताना फाटायची आणि खाताना घशात अडकायची. आबांनी त्यावर बरेच प्रयोग केले. शेवटी मिलोचं पीठ रात्री भिजत घालून सकाळी आंबील करायला लागले, लसूण आणि मीठ घालून. ताक असेल तर ताक. ती मात्र बरी लागायची. पाळी मोडली नव्हती. एक दिवस आमची आंबील, एक दिवस त्यांची भाकरी.

एका सकाळी मी त्यांच्याकडं गेले तर दार अर्धं लोटलेलं आणि मैत्रीण बाहेरच दप्तर घेऊन उभी. "चल," ती म्हणाली. "आमी आज लवकर खाल्लं. तुला यायाला येळ झाला." मला वेळ झालेला नव्हता. दाराच्या फटीतून मला चूल दिसली. तिच्यात राख होती, जाळ नव्हता. आतून तिच्या आईच्या कण्हण्याचा आवाज येत होता.

तोवर मला सकाळी कडकडून भूक लागायला लागली होती. मी म्हणाले, "मी बी खाऊनच आले."

आम्ही दोघी रहिमतपूरला चालत गेलो. रूळ ओलांडताना ती म्हणाली की आईला तीन दिवस ताप आहे, कामावर गेली नाही. एवढंच. दुसऱ्या तासाला मला घाम फुटला आणि मी बाकावर डोकं ठेवलं. तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला. मग तिनंही शेजारी डोकं टेकवलं.

घरी आल्यावर मी आबांना सगळं सांगितलं. ते कामावरून नुकतेच आले होते, डोळ्यांच्या पापण्यांवर खडीची पांढरी धूळ. ते तसेच उठले आणि वस्तीकडं निघाले, मी मागोमाग. दारात उभं राहून त्यांनी हाक मारली. मैत्रिणीची आई उठून बसली.

"वैनी, एक अडचण हाय," आबा म्हणाले. "एक दिसाआड आंबील भिजवायचं माझ्या ध्यानात ऱ्हात न्हाई. आठ दिस सलग माझी पाळी धरा. मंग आठ दिस सलग तुमची."

तिनं त्यांच्याकडं बराच वेळ बघितलं. ती काही खुळी नव्हती. "मंग माझी आठ दिस," ती म्हणाली.

"व्हय."

"नक्की?"

"नक्की."

दुसऱ्या सकाळी आत्यानं आंबिलीचे दोन तांबे भरले. मला वाटलं एक माझा, एक मैत्रिणीचा. आत्या म्हणाली, "ह्यो तुमा दोघींचा, आन् ह्यो तिच्या आईला. तापात बरी आसती. गरम हाय तवर ने." आणि लगेच दुसऱ्या कामाला लागली. आठ दिवस ती तांब्या भरत राहिली. पण आत्या त्यांच्या घरी कधी गेली नाही, तिथलं पाणीही तिनं कधी घेतलं नाही, आणि हे मी इथं लपवणार नाही. ती तशीच राहिली.

मैत्रिणीची आई बरी झाली. पुढचे आठ दिवस सलग आम्ही तिच्याकडं खाल्लं. नवव्या दिवशी आबांनी पीठ भिजवलेलं होतं.

सातवीनंतर आमचे वर्ग दुपारचे झाले आणि सकाळच्या न्याहारीची घाई संपली. पाळ्याही संपल्या. दहा वाजता आपापल्या घरी जेवून आम्ही ओढ्याशी भेटायचो. शाळा संपल्यावर मी शिक्षिकेच्या कोर्सला साताऱ्याला गेले आणि ती नर्सिंगला सांगलीला. आमच्या गावातून नर्सिंगला गेलेली ती पहिली मुलगी.

अठ्ठ्याहत्तर साली मुलाखतीसाठी मी सांगलीला गेले आणि एक रात्र तिच्या खोलीवर राहिले. तिची सकाळची ड्यूटी होती. साडेपाचलाच उठून तिनं खोलीतल्या स्टोव्हवर पोहे टाकले होते. खाता खाता मी जुनं काहीबाही बोलत होते. म्हणाले, "तुझ्या आईला कळलं कसं गं त्या डब्याचं? कुणी सांगितलं असेल?"

"मीच सांगितलं," ती म्हणाली.

"तिनं विचारलं म्हणून?"

"न्हाई. आपणहून."

इतकी वर्षं मला वाटत होतं की ती पकडली गेली आणि तिच्यामागून मी.

"तू रोज डबा द्यायचीस, मी खायची," ती म्हणाली. "भूक असायची, चव बी असायची. पण तू हुबी राहून वाट बघायचीस, माझं कवा संपतंय म्हणून. आन् मी दगडावर बसून. एक दिस मला वाटलं, हे आता बास. आईला सांगितलं तर ती बंद करंल एवढंच मला ठाऊक हुतं. ती असं काय करंल हे ठाऊक न्हवतं."

मला त्या ओढ्यावर मी काही चांगलं करते आहे असं वाटत असे. डबा फेकण्यापेक्षा दिला, असं मी पुढं चार ठिकाणी सांगितलंही होतं. मी ते तिला बोलून दाखवलं नाही. म्हणाले, "मला कधी बोलली नाहीस."

"तू कवा इचारलं?" ती म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. तिनं घड्याळ बघितलं, आरशासमोर उभं राहून टोपीला पिना लावल्या. "पोहे संपव. मुलाखत किती वाजता?"

"अकराला."

"मंग आणखी घे. तितं दुपारपातूर बसवून ठेवत्यात."

तिनं कढईतले उरलेले पोहे माझ्या ताटलीत ओतले, किल्ली माझ्याजवळ ठेवली आणि ती ड्यूटीवर गेली. मी सावकाश खाल्लं, भांडी घासून ठेवली, कुलूप लावून किल्ली शेजारच्या खोलीतल्या मुलीकडं दिली आणि मुलाखतीला निघाले.